मिनेसोटाच्या हिवाळ्यासाठी घराची तयारी : सप्टेंबरपासून बर्फ वितळेपर्यंत

मिनीॲपोलिस-सेंट पॉलच्या परिसरात पहिलं घर घेतलेलं मराठी कुटुंब हिवाळ्याच्या तयारीला लागतं तेव्हा आधी फावडं, बूट आणि जाड जॅकेटं येतात. ती लागतातच. पण इथल्या हिवाळ्यात घराची खरी नासधूस करतं ते पाणी. पाइपात गोठलेलं, छपराच्या कडेला तुंबलेलं, खिडकीच्या चौकटीत झिरपून लाकूड कुजवणारं पाणी. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, आणि त्या रेट्यापुढे तांब्याचा पाइपही टिकत नाही. म्हणून खालच्या सगळ्या कामांमागे दोनच प्रश्न आहेत: घरात पाणी कुठे कुठे आहे, आणि घरातली ऊब कुठून निसटते आहे? हे दोन प्रश्न डोक्यात ठेवून एकदा घरभर फिरलात, तर निम्मी कामं तुमची तुम्हालाच सुचतील.

थंडीचा अंदाज यावा म्हणून दोन नोंदी सांगतो. ३० जानेवारी २०१९ च्या सकाळी मिनीॲपोलिसच्या विमानतळावर पारा उणे २८ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसवर उतरला होता. आणि १९९१ साली ऐन हॅलोविनच्या दिवशी सुरू झालेल्या वादळात या जुळ्या शहरांत २८.४ इंच स्नो पडला होता. 'नोव्हेंबरमध्ये बघू' म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. ऑक्टोबरअखेर बाहेरची कामं संपलेली हवीत. दिवाळीची साफसफाई आपण करतोच, त्याच सुमाराला हीही उरकून टाकावीत.

सप्टेंबर : फर्नेस

फर्नेस म्हणजे घरभर गरम हवा पुरवणारं यंत्र. पहिली थंडी पडली की फर्नेसवाल्यांच्या वेळा मिळेनाशा होतात. त्यामुळे सप्टेंबरच्या मध्याला, बाहेर अजून बरं हवामान असताना, थर्मोस्टॅट 'हीट'वर टाकून फर्नेस वीसेक मिनिटं चालवून बघा. पहिल्यांदा जळक्या धुळीचा वास येतो, तो थोड्या वेळात जायला हवा. नाही गेला, किंवा फर्नेस सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत आपोआप बंद पडत असेल, तर लगेच माणूस बोलवा. काही बिघाड नसला तरी वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावीच. त्यात बर्नर, ज्योत ओळखणारा सेन्सर, पाण्याचा निचरा आणि मुख्य म्हणजे हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या भागाला) तडा गेलाय का, हे बघायला सांगा. तडा गेला असेल तर जळालेला वायू घरातल्या हवेत मिसळू शकतो.

फिल्टर बदलायला कुणाची गरज नाही. एक इंच जाडीचा फिल्टर हिवाळ्यात दर महिन्याला काढून उजेडात धरा, आरपार दिसत नसेल तर बदला. त्याच्या कडेवर बाण छापलेला असतो. हवा ज्या दिशेने फर्नेसमध्ये जाते त्या दिशेला तो असावा. आपल्या घरांत फोडण्या होतात, देवापुढे उदबत्ती लागते, त्यामुळे पाकिटावर लिहिलेल्या मुदतीच्या आधीच तो काळा पडलेला दिसेल.

नव्या पद्धतीच्या फर्नेसला चिमणी नसते. पांढऱ्या पीव्हीसीचे दोन पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर निघतात, एकातून हवा आत येते आणि दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. हे पाइप कुठे आहेत ते आताच शोधून ठेवा आणि शेजारी जमिनीत एक उंच काठी रोवा. वादळात वाऱ्याने स्नोचा ढीग नेमका तिथे साचला तर फर्नेस बंद पडते, आणि रात्री दोन वाजता चाचपडत ते पाइप शोधणं अवघड जातं. आणखी एक: फर्नेसजवळ दिव्याच्या बटणासारखंच दिसणारं एक बटण असतं. तळघरातला दिवा समजून कुणीतरी ते बंद करतं आणि घर गार पडतं. त्यावर ठळक अक्षरांत 'फर्नेस – बंद करू नये' अशी चिठ्ठी लावा. घरी आई-वडील किंवा पाहुणे येणार असतील तर नक्कीच.

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत कसलीही काटकसर नको. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं आणि मळमळ हीच लक्षणं, त्यामुळे फ्लू झाला असं वाटून माणूस झोपून राहतो. मिनेसोटाच्या कायद्यानुसार प्रत्येक झोपण्याच्या खोलीपासून १० फुटांच्या आत त्याचा अलार्म हवा. अलार्म उलटा करून त्यावरची तारीख वाचा. बहुतेकांचं आयुष्य ७ ते १० वर्षांचं असतं आणि बटण दाबल्यावर वाजला म्हणजे त्याचा सेन्सर चांगला आहे असं नाही. खरोखर वाजला तर खिडक्या उघडत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा.

ऑक्टोबर : नळ आणि पाइप

आधी पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह शोधा. तो बहुधा तळघरात, रस्त्याकडच्या भिंतीपाशी, मीटरजवळ असतो. तो खरोखर फिरतो का ते बघा. दांडा असलेला असेल तर पाव फेऱ्यात बंद होतो. जुन्या घरांत गोल चाकाचा असतो, आणि वर्षानुवर्षं न हलवल्यामुळे तो गंजून बसलेला असतो. जोर लावून तोडू नका. प्लंबरला बोलावून दांड्याचा बसवून घ्या. माझ्या मते हिवाळ्याच्या तयारीतला सगळ्यात शहाणपणाचा खर्च हाच. फुटलेल्या पाइपातून मिनिटाला कित्येक गॅलन पाणी येतं, तेव्हा व्हॉल्व्ह एका मिनिटात बंद झाला की वीस मिनिटांत, यावर एक गालिचा बदलायचा की अख्खं तळघर, हे ठरतं. घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनाही, तो दाखवून ठेवा.

मग बाहेरचे नळ. बागेची नळी काढा. एवढं साधं काम आहे आणि दर वर्षी सगळ्यात जास्त हेच राहून जातं. अलीकडच्या घरांना 'फ्रॉस्ट-फ्री' नळ असतात. बाहेरून चावी फिरवली तरी पाणी बंद होतं ते भिंतीच्या आत ८ ते १२ इंचांवर, उबदार भागात, आणि मधल्या नळकांड्यातलं पाणी बाहेर वाहून जातं. पण नळी जोडलेली असेल तर ते पाणी बाहेर पडू शकत नाही. ते तिथेच गोठतं आणि नळकांड्याला बोटाच्या पेराएवढी बारीक उभी चीर पडते. हिवाळाभर काहीच कळत नाही, कारण नळ बंद आहे. मे महिन्यात झाडांना पाणी घालायला नळ उघडला की बाहेर नीट धार येते, आणि त्याच वेळी आत, भिंतीच्या पोकळीत, तळघराच्या छतावर पाणी ओतत असतं. नळ 'फ्रॉस्ट-फ्री' आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांच्याच घरी हे होतं.

जुन्या साध्या नळांसाठी आतून वेगळा व्हॉल्व्ह असतो. तो बंद करा, बाहेरचा नळ उघडून पाणी जाऊ द्या आणि तसाच उघडा ठेवा. आतल्या व्हॉल्व्हला बारीकसं टोपण असेल तर खाली बादली धरून तेही सोडा. हिरवळीला पाणी देणारी स्प्रिंकलरची यंत्रणा असेल तर तिच्या पाइपांतलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून काढावं लागतं. घरगुती लहान कॉम्प्रेसरला हे झेपत नाही आणि दाब जास्त झाला तर पाइप आणि तोट्या फुटतात. हे काम करणाऱ्यांना बोलवा, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात.

आतले पाइप बघताना बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या मोऱ्या (सिंक), गॅरेजवरच्या खोलीतलं बाथरूम आणि तळघरात भिंत व वरचा मजला जिथे मिळतात ती कडा, या तीन जागा नीट तपासा. हवेचं तापमान २० अंश फॅरनहाइटच्या (उणे ७ सेल्सिअस) आसपास गेलं की उघडे पाइप गोठण्याचा धोका सुरू होतो, पण बहुतेक वेळा पाइप गोठतो तो एखाद्या फटीतून थेट त्याच्यावर वारा येत असल्यामुळे. म्हणून पाइपाला फोमची नळी गुंडाळण्याआधी फट बुजवा. फोम स्वतः ऊब निर्माण करत नाही, फक्त गोठायला वेळ लावतो. तळघराच्या त्या कडेवर वाऱ्याच्या दिवशी हात फिरवलात तर गार झुळूक बोटांना कळते. तिथे फोमच्या पाट्या कापून बसवाव्यात आणि कडा डब्यातल्या फेसाळ फोमने बंद कराव्यात.

ॲटिक आणि छप्पर

इथे जरा थांबायला हवं, कारण लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. जानेवारीत घरांच्या वळचणीला लटकलेल्या लांबलचक बर्फाच्या सुळ्यांचे फोटो भारतात पाठवले जातात, आणि तिकडून कौतुकही होतं. खरं तर ते सुळे म्हणजे तुमच्या घराची ऊब छपरातून निसटते आहे याची जाहीर पाटी आहे.

होतं असं. घरातली गरम हवा छतातल्या फटींमधून ॲटिकमध्ये, म्हणजे छत आणि छपराच्या मधल्या पोकळीत जाते. छपराची आतली बाजू तापते आणि वरचा स्नो खालून वितळायला लागतो. ते पाणी उतारावरून खाली येतं, पण वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नसते. तिथे पोचताच पाणी पुन्हा गोठतं. हळूहळू कडेला बर्फाचा बांध तयार होतो आणि त्याच्या मागे तळं साचतं. छपरावरच्या शिंगल (एकीवर एक बसवलेल्या पातळ पट्ट्या) वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी बनवलेल्या असतात, साचून मागे सरकणाऱ्या पाण्यासाठी नाहीत. ते पाणी त्यांच्याखाली शिरतं आणि बेडरूमच्या छतावर पिवळट डाग उमटतो.

म्हणजे दोष छपराचा वाटला तरी उपाय ॲटिकमध्ये आहे, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फटी बुजवणं, मग इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर), मग हवा खेळती ठेवणं. पुष्कळ लोक थेट इन्सुलेशनचा थर वाढवतात. त्याने गरम हवा अडत नाही, त्यातून ती गाळून वर जाते.

ऑक्टोबरच्या एखाद्या गार सकाळी टॉर्च, मास्क आणि हातमोजे घेऊन वर चढा. पाय फक्त आडव्या तुळयांवर किंवा त्यांवर ठेवलेल्या फळीवर टाका, मधल्या भागात पाऊल पडलं तर ते थेट खालच्या खोलीत जाईल. इन्सुलेशन जिथे काळपट, मळकट दिसतं तिथून हवा वर येते आहे असं समजा, तो मळ म्हणजे हवेतून गाळली गेलेली धूळ. दिव्यांची भोकं, प्लंबिंगचे पाइप, चिमणीच्या भोवतीची जागा आणि ॲटिकच्या झाकणाच्या कडा या नेहमीच्या जागा. लहान फटींना कॉक (फटी बुजवायचा चिकट लेप) किंवा फोम चालतो. चिमणीभोवती मात्र पत्रा आणि उष्णता सहन करणारा कॉकच लागतो, साधा फोम तिथे वापरायचा नाही. झाकणाला कडेने रबरी पट्टी लावा आणि त्यावर जाड फोमची पाटी चिकटवा.

कडाक्याच्या थंडीत वर गेलात तर आणखी एक गोष्ट दिसते. छपरातून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं हिम धरलेलं असतं, प्रत्येक टोकावर लहानशी पांढरी टोपी. घरातली वाफ वर येऊन गोठल्याची ती खूण आहे. मार्चमध्ये ते हिम एका दुपारी वितळतं आणि छतातून थेंब गळू लागतात, तेव्हा लोक छपरवाल्याला बोलावतात. आधी बाथरूमच्या पंख्याचा पाइप छपराबाहेर जातो आहे की ॲटिकमध्येच सोडून दिलाय, हे तपासा. असं सोडून दिलेलं मला जुन्या घरांत वारंवार दिसलं आहे.

इन्सुलेशन किती? ऊब अडवण्याची क्षमता 'आर'च्या आकड्यात मोजतात, या हवामानासाठी आर-४९ किंवा त्याहून जास्त असा सल्ला दिला जातो. फुंकून भरलेल्या सेल्युलोजचा (कागदाच्या भुग्याचा) तेवढा थर १४ इंचांच्या आसपास भरतो. वळचणीच्या बाजूची हवेची भोकं मात्र इन्सुलेशनने झाकू नका, बाहेरची गार हवा खालून येऊन शेंड्यातून निघून गेली पाहिजे, तरच छप्पर गार राहतं. आणि एक इशारा: जुन्या घरात करडे-तपकिरी, चकचकीत, खड्यांसारखे दाणे भरलेले दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट हे जुन्या पद्धतीचं खनिज इन्सुलेशन असू शकतं. अमेरिकेत पूर्वी विकलं गेलेलं बरंचसं व्हर्मिक्युलाइट मोंटानातल्या लिबी इथल्या खाणीचं होतं आणि त्यात फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस होतं. त्याला हात लावू नका, झाडू नका, खाली उतरा आणि या कामाच्या जाणकारांना बोलवा.

यंदा हे सगळं जमलं नाही तर रूफ रेक आणा. जमिनीवर उभं राहून, लांब दांड्याने, प्रत्येक मोठ्या स्नोनंतर कडेचा तीन-चार फूट स्नो ओढून काढायचा. विजेच्या तारांपासून लांब राहायचं. बांध तयार झालाच तर हातोडी-कुऱ्हाड घेऊन शिडीवर चढू नका. शिंगल फुटतात आणि माणसंही पडतात. वाफेने बर्फ काढणारे व्यावसायिक इथे मिळतात. तोवर तात्पुरता उपाय म्हणून कॅल्शियम क्लोराइड जुन्या लांब मोज्यात भरून बांधावर आडवं नाही, तर उभं, उताराच्या दिशेत ठेवलं तर पाण्याला वाट मिळते. पानगळ संपल्यावर पन्हळी साफ करायच्या राहिल्या असतील तर त्याही करून टाका. त्याने बांध टळत नाही, पण वितळलेलं पाणी पायापासून दूर जातं.

खिडक्या आणि घरातली वाफ

खिडक्या-दारांच्या फटींचं काम सोपं आहे. दाराखालून उजेड दिसतो का बघा, रबरी पट्ट्या बदला, चौकटीच्या बाहेरून कॉक लावा. कॉक बहुतेक प्रकारांत ४० अंश फॅरनहाइटच्या वर असतानाच नीट धरतो. जुन्या खिडक्यांना आतून पारदर्शक फिल्म लावून हेअर ड्रायरने ताणून बसवली की फरक त्याच संध्याकाळी जाणवतो. जिला आपत्कालीन मार्ग म्हणून वापरायचं आहे ती तळघराची खिडकी मात्र बंद करून टाकू नका.

वाफेकडे आपल्या घरांनी विशेष लक्ष द्यायला हवं. सकाळी उकळता चहा, दोन कुकर, इडलीचं भांडं, शिवाय आत वाळत घातलेले कपडे. हिवाळ्यात बंद घरात ही सगळी वाफ कुठे जाणार? ती सगळ्यात गार पृष्ठभागावर, म्हणजे तावदानांवर जमते, खाली ओघळते आणि चौकटीत काळी बुरशी धरते. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट खरोखर घराबाहेर जातो की फक्त जाळीतून हवा फिरवून परत खोलीत सोडतो, ते बघा. अंघोळीनंतर बाथरूमचा पंखा वीस मिनिटं चालू ठेवा.

फर्नेसला ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं उपकरण) जोडलेला असेल तर तो बाहेरच्या तापमानानुसार कमी-जास्त करावा लागतो. बाहेर २० अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर ४० टक्के आर्द्रता चालते, ० ते १० च्या दरम्यान ३० टक्के पुरे, आणि उणे २० च्या खाली गेलं की १५ टक्के. ओठ फुटतात, नाक कोरडं पडतं हे खरं, पण त्याला पेट्रोलियम जेली आहे. कुजलेल्या चौकटीला तसं काही नाही. स्वस्तातला आर्द्रतामापक आणून दिवाणखान्यात ठेवा. आणि तावदानावर सकाळी पाणी दिसलं तर आकडा काहीही असो, आर्द्रता कमी करा.

स्नो पडल्यावर

मिनीॲपोलिस शहरात एक-दोन कुटुंबांच्या घरांना स्नो थांबल्यापासून २४ तासांत समोरचा फुटपाथ साफ करावा लागतो. उपनगरांचे नियम वेगवेगळे आहेत, आपल्या गावाचा नियम बघून ठेवा. स्नो रस्त्यावर ढकलणं राज्यभर बेकायदेशीर आहे. ड्राइव्हवेच्या तोंडाशी प्लाऊ (रस्त्यावरचा स्नो बाजूला सारणारी गाडी) जो कडक ढिगारा सोडून जातो तो त्याच दिवशी काढा, रात्रीत त्याचा दगड होतो.

फावडं उचलण्यापेक्षा ढकला. एकदम आठ इंच साचू देण्यापेक्षा दोनदा चार-चार इंच काढणं शरीराला सोपं. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात आणि त्यात अचानक जोराचं काम पडतं, म्हणून फावड्यामागे हृदयविकाराचे झटके येतात. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा वर्षभर व्यायाम नसेल, तर पैसे देऊन काढून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. स्नोब्लोअर अडकला तर इंजिन बंद करा, फिरणारे भाग थांबू द्या आणि काठीने मोकळा करा. इंजिन बंद असलं तरी आतल्या पात्यात ताण साठलेला असतो, तिथे हात घालायचा नाही.

स्नो काढताना फर्नेसचे पाइप, कपडे वाळवायच्या ड्रायरचं बाहेरचं तोंड, गॅसचं मीटर आणि जवळचा अग्निशमनाचा नळ मोकळे करा.

मीठ कमी वापरा. साधं मीठ साधारण १५ अंश फॅरनहाइटच्या खाली कामच करत नाही, त्यावर ओतत राहणं व्यर्थ आहे. तिथे वाळू टाका म्हणजे पाय घसरणार नाही. आधी फावड्याने खरवडून मग मीठ टाकलं तर २० फुटी ड्राइव्हवेला कॉफीच्या एका मोठ्या मगभर मीठ पुरतं. चमचाभर मिठाने पाच गॅलन पाणी कायमचं दूषित होतं, असं इथली प्रदूषण नियंत्रण यंत्रणा सांगते, आणि आपण टाकलेलं मीठ वितळून जातं ते इथल्याच तळ्यांत. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ नकोच.

कडाक्याची लाट आली की

अंदाज उणे १५-२० फॅरनहाइटचा असेल तेव्हा रात्री थर्मोस्टॅट खाली आणायची सवय तेवढे दिवस सोडा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या मोऱ्यांखालची कपाटं उघडी ठेवा. शंका असलेला नळ, गरम आणि गार दोन्ही, शिसपेन्सिलीच्या टोकाएवढ्या धारेने सोडून ठेवा. गॅरेजमधून पाण्याचे पाइप जात असतील तर त्याचं दार बंद ठेवा.

सकाळी एखाद्या नळाला पाणी नाही, बाकीच्यांना आहे, तर तो पाइप गोठला आहे असं समजा. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरच्यांना आठवण करून द्या. नळ उघडा ठेवा. नळाच्या बाजूने सुरुवात करून गोठलेल्या भागाकडे हेअर ड्रायर फिरवत जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. ब्लोटॉर्च किंवा कुठलीही ज्योत अजिबात नको, भिंतीतलं लाकूड पेटून घरं जळाली आहेत. भिंतीच्या आत सळसळ ऐकू आली किंवा छतावर ओल दिसली तर आधी व्हॉल्व्ह बंद, मग प्लंबरला फोन. पाणी दिव्यांच्या किंवा विजेच्या पेटीच्या जवळ असेल तर ओल्या जमिनीवरून त्या पेटीकडे जाऊ नका.

वीज गेली तर जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, त्याचा धूर खिडक्यांपासून उलट दिशेला. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणंही जिवावर बेततं. कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात आणायचा नाही, कितीही थंडी असली तरी. गाडी गॅरेजमध्ये चालू ठेवून गरम करू नका.

डिसेंबरमध्ये भारतात जाताना

आपल्यापैकी कितीतरी जण मुलांच्या सुट्टीत तीन-चार आठवडे पुण्या-मुंबईला जातात, आणि ते दिवस नेमके इथल्या सगळ्यात कडक थंडीचे. तिकडे आपण घराला कुलूप लावून, गॅस बंद करून, शेजारी किल्ली देऊन निघतो. इथे तेवढं पुरत नाही. रिकाम्या घरात वीज जाऊन फर्नेस बंद पडली, तर दोन दिवसांत पाइप गोठतात, आणि वीज परत आली की पाणी वाहत राहतं ते तुम्ही परत येईपर्यंत.

विम्याची पॉलिसी जाण्याआधी वाचा. बहुतेक पॉलिसींत अशी अट असते की घरात पुरेशी ऊब ठेवण्याची काळजी घेतलेली असावी किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असावेत, नाहीतर गोठण्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. मी दोन्ही करा म्हणेन. निघण्याच्या आदल्या दिवसापासून हा क्रम ठेवा:

१. थर्मोस्टॅटमध्ये नवीन बॅटरी घाला. तापमान ६० अंश फॅरनहाइटच्या आसपास लावा. ५५ च्या खाली कधीच नाही. थोडं बिल वाचवायला आणखी खाली नेऊ नका. फर्नेसचा फिल्टर बदला, ह्युमिडिफायर बंद करा.

२. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. मग वरच्या मजल्यावरचा एक आणि तळघरातला सगळ्यात खालचा एक नळ उघडा, कमोड फ्लश करा. वॉटर हीटर 'व्हेकेशन'वर टाका. घरात गरम पाण्याच्या रेडिएटरची हीटिंग असेल किंवा आगीसाठी छतात स्प्रिंकलर असतील, तर व्हॉल्व्हला हात लावण्याआधी जाणकाराला विचारा.

३. तळघराच्या फरशीतल्या मोरीत एक बादली पाणी ओता. ते सुकलं तर गटारातला वायू घरात येतो.

४. तापमान एका पातळीखाली गेलं की फोनवर कळवणारा सेन्सर लावा, आणि शक्य तर वॉटर हीटरजवळ पाण्याचाही. पण वीज गेली की वाय-फायही जातं, म्हणून सेन्सरच्या भरवशावर राहू नका. ओळखीच्या कुणाला तरी दर दोन-तीन दिवसांनी घरात शिरून एक फेरी मारायला सांगा. नुसतं गाडीतून बघून जाणं उपयोगाचं नाही.

५. त्या व्यक्तीसाठी फ्रिजवर एक कागद लावा: मुख्य व्हॉल्व्ह कुठे, फर्नेसचं बटण कुठे, थर्मोस्टॅट किती, प्लंबर आणि फर्नेसवाल्याचे नंबर. किल्ली देताना त्यांना एकदा प्रत्यक्ष फिरवून दाखवा.

६. स्नो काढणाऱ्याशी आधीच ठरवा. चार दिवस पाऊलखूण नसलेला ड्राइव्हवे घर रिकामं असल्याचं सगळ्यांना सांगतो. टपाल खात्याकडे पत्रं थांबवण्याची सोय ३० दिवसांपर्यंतच मिळते, त्याहून जास्त राहणार असाल तर पत्रं दुसऱ्या पत्त्यावर वळवा.

परत आल्यावर व्हॉल्व्ह झटकन पूर्ण उघडू नका. नळ थोडे उघडे ठेवून तो हळूहळू सोडा, हवा निघून जाऊ द्या, आणि प्रत्येक मोरीखाली टॉर्च मारून बघा. प्रवासाचा शीण असला तरी हे झाल्याशिवाय झोपायला जाऊ नका.

मार्च

दिवसा वितळतं आणि रात्री गोठतं, असे तीन-चार आठवडे असतात. तळघरात संप पंप (खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) असेल तर त्याच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो चालतो का बघा आणि बाहेरचा पाइप बर्फाने बुजलेला नाही ना ते तपासा. पायाजवळ साचलेला स्नो भिंतीपासून चार-पाच फूट लांब टाका, नाहीतर तो वितळून थेट तळघरात येतो. तळघराच्या खिडक्यांसमोरचे खड्डे मोकळे करा.

ॲटिकमध्ये पुन्हा एकदा डोकावून ओल कुठे आहे त्याचे फोटो काढा. छतावर डाग असेल तर त्याची कड पेन्सिलीने आखून तारीख लिहा, म्हणजे तो वाढतो आहे की जुना आहे हे कळेल. ॲटिकच्या फटी आणि इन्सुलेशनचं काम करणारे लोक उन्हाळ्याच्या आधी मोकळे असतात, आणि ॲटिकही तेव्हा भट्टीसारखं तापलेलं नसतं. त्यांना एप्रिलमध्येच बोलवा आणि ते फोटो दाखवा.